डोंगर नसलेला धबधबा

शुक्रवार

मे महिन्यात मुंबईकर गावी पळतो, नाहीतर महाबळेश्वरला. आम्ही माळ्यावरून रेनकोट खाली काढले आणि आफ्रिकेला निघालो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, अजून आंब्याच्या पेट्या संपल्या नाहीत, रेनकोट कसले काढतेस?" व्हिक्टोरिया धबधब्याला पाऊस आभाळातून पडत नाही, खालून वर येतो, हे त्यांना जिन्यात उभ्या उभ्या समजावणं कठीण होतं.

हा धबधबा झांबेझी नदीवरचा, आणि तिचं वेळापत्रक आपल्या नद्यांपेक्षा निराळं आहे. तिकडचा पावसाळा मार्चच्या सुमारास आटोपतो. पण अंगोला आणि झांबियाच्या वरच्या अंगाला पडलेलं पाणी सपाट पूरमैदानांतून रेंगाळत खाली येतं, त्यामुळे पाऊस थांबल्यानंतर, म्हणजे एप्रिलच्या आसपास, नदी सर्वांत फुगते. मे महिन्यात पूर जरा उतरतो, पण जोर टिकून असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर झांबियाकडचा बराचसा कडा कोरडा ठणठणीत. म्हणजे आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि या नदीचा हंगाम एकाच वेळी येतो. असा योग वाया घालवायचा नाही असं ठरवून वर्षभर पैसे साठवले.

मंडळी अशी : मी, नवरा, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक आणि आत्या. आत्या नाशिकची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, गुडघे अजून ठणठणीत आहेत. धबधबा तिच्या लेखी दुय्यम होता. "मला त्या लिव्हिंगस्टनकडून आपला जुना हिशेब घ्यायचाय," असं तिनं विमानतळावरच जाहीर केलं. लिव्हिंगस्टन म्हणजे एकोणिसाव्या शतकात या भागात हिंडलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी. कसला हिशेब, ते सोमवारी कळलं, तेव्हा सोमवारीच सांगते.

पहाटेचं विमान, अदिस अबाबाला बदल, आणि दुपारी झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावचा विमानतळ. घड्याळं साडेतीन तास मागे केली. धबधबा झिम्बाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर आहे, म्हणून दोन्ही देशांचे व्हिसा घरूनच ऑनलाइन काढले होते. झिम्बाब्वेचा मात्र दोनदा प्रवेशाचा घेतला, कारण पूल ओलांडून झांबियात गेलं की तुम्ही देशाबाहेर पडलात, परत यायचं तर पुन्हा प्रवेश. उतरताना उजवीकडच्या खिडकीत बसलेल्या लेकीनं हाक मारली. खाली नजर जाईल तिथवर सपाट झुडपी रान, आणि त्यात एकाच जागी पांढरा धूर. वणवा पेटलाय की काय असंच वाटावं. स्थानिक लोक याला पूर्वापार मोसी-ओआ-तुन्या म्हणतात, गडगडणारा धूर. व्हिक्टोरिया राणीचं नाव फार नंतर चिकटलं.

गाव एवढंसं आहे. रस्त्याकडेच्या हिरवळीवर रानडुकरांची एक जात, वॉर्टहॉग, पुढचे गुडघे टेकून चरत होती, आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नव्हतं. चौकात पोरं जुन्या नोटा विकतात. २००९ साली झिम्बाब्वेत महागाईनं कहर केला तेव्हा निघालेली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, एकावर चौदा शून्यं. लेकीनं लगेच मांडणी केली, एक कोटी गुणिले एक कोटी. नोटेच्या मागच्या बाजूला हाच धबधबा आणि एक रानरेडा छापलेला आहे. घासाघीस करून घेतली. एवढ्या रकमेची नोट इतक्या स्वस्तात मिळण्याचा योग पुन्हा येणं नाही.

रात्री खोलीत आडवं झाल्यावर एक घरघर ऐकू येऊ लागली. नवऱ्याला वाटलं हॉटेलचा जनरेटर. तो पुढचे दिवस चालूच होता.

शनिवार

सकाळी स्वेटर घालावा लागला. मुंबईच्या मे महिन्यातून आल्यावर या गारठ्याचं कौतुक किती करावं! राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी माणशी ५० डॉलर तिकीट. पलीकडे झांबियात हेच २० डॉलर आहे. फाटकाबाहेर रेनकोट भाड्यानं देणारे उभे असतात, आमचे माळ्यावरचे होतेच.

आपल्याकडे धबधबा म्हटला की आधी डोंगर. माळशेज असो, आंबोली असो, ठोसेघर असो, मान वर करून बघायचं, पाणी वरून येणार. त्यामुळे आम्ही सगळे नकळत डोंगर शोधत होतो. तो नाहीच. सपाट वाटेनं, झाडीतून, चपला फटफटवत चालत गेलो आणि एका वळणावर जमीनच संपली. समोर नदी. तीही आपल्याच पातळीवर वाहत येणारी, पसरट, संथ, बेटांमधून वाट काढणारी. आणि ती नदी आहे त्या रुंदीनिशी एका भेगेत पडते. कड्यावरून दरीत नव्हे, जमिनीला पडलेल्या चिरेत. ही चीर १,७०८ मीटर लांब आणि सर्वांत खोल जागी १०८ मीटर. नायगाराच्या जवळपास दुप्पट उंची. चिरेचा समोरचा काठ इतका जवळ आहे की तुम्ही त्या काठावर उभे राहून, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसावं तसे, अख्खा धबधबा समोरून बघत चालत जाता. जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या धबधब्यानं बघणाऱ्याची अशी सोय केलेली मला तरी ठाऊक नाही.

सुरुवातीलाच लिव्हिंगस्टनचा पुतळा आहे, हातात काठी, नजर पाण्याकडे. आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "बघू, बघू" म्हणून पुढे गेली.

पुतळ्याजवळचा पहिला टप्पा म्हणजे डेव्हिल्स कॅटरॅक्ट. इथलं पाणी बाकीच्या कड्यापेक्षा खोल कापून उतरतं, आणि त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. आम्ही अंधेरीचे, त्यामुळे घराजवळचा गिल्बर्ट हिल लेकीला लहानपणापासून दाखवलेला, हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याच कुळातला. झांबेझीच्या तळाशीही बेसॉल्टच आहे, फक्त वयानं बराच थोरला, साधारण १८ कोटी वर्षांचा. लाव्हा थंड होताना त्याला पूर्व-पश्चिम चिरा पडल्या, त्यांत पुढे मऊ गाळ भरला. नदीला असा मऊ पट्टा सापडला की ती तो उपसून काढते आणि त्यातच कोसळू लागते. मग त्या चिरेच्या वरच्या काठाला एखादी नवी कच्ची जागा हेरते, ती कापत कापत मागच्या चिरेला जाऊन मिळते, आणि धबधबा एक घर मागे सरकतो. नकाशात धबधब्याच्या खाली नदी जी नागमोडी दिसते, त्यातला एकेक आडवा हात म्हणजे एकेकाळचा धबधबा. आजचा हा आठवा. डेव्हिल्स कॅटरॅक्ट खोल आहे, कारण नववा तिथून सुरू होतोय.

लेक म्हणाली, "म्हणजे हा अजून बनतोय?" दहावीच्या भूगोलात एवढं उत्साहानं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढे एकामागून एक बघण्याच्या जागा आहेत आणि मध्ये दाट, थबथबलेलं रान. फवाऱ्यावर वाढलेलं हे रान एवढ्याच पट्ट्यात आहे. पन्नास पावलं मागे सरलात की पुन्हा कोरडी झुडपं. सकाळचं ऊन पूर्वेकडून पाठीवर होतं, त्यामुळे पश्चिमेला, डेव्हिल्स कॅटरॅक्टच्या दिशेनं, इंद्रधनुष्य जागचं हलत नव्हतं. एकदा तर वर दुसरंही उमटलं, रंग उलट्या क्रमानं. झाडीत एक बुशबक, अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरीण, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात निवांत चरत उभं होतं. आमच्या चौघांच्या भडक रेनकोटांचं त्याला काही विशेष वाटलं नाही.

मेन फॉल्ससमोर आल्यावर मात्र छत्री, रेनकोट, प्लॅस्टिकची पिशवी, सगळ्याचा निकाल लागला. वरून पाऊस, समोरून पाऊस, आणि खालून वर येणारा वारा रेनकोटाच्या आत शिरून त्याचा फुगा करतो. तिथे मी बराच वेळ फक्त आमच्या बाजूचा कडा बघत होते. फवाऱ्याचं जे पाणी आमच्या काठावर पडतं, ते ओहळ होऊन पुन्हा चिरेत उतरू बघतं. ओहळ कड्यावरून वीस-तीस हात खाली जातो, तिथे त्याला खालून येणारा झोत गाठतो, त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे धुरासारखे वर येऊन पुन्हा आमच्याच डोक्यावर पडतात. तळाला काही पोचतच नाही. नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. इथे मात्र तो कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू असतो.

शेवटच्या डेंजर पॉइंटला कठडा नाही. ओले, शेवाळलेले दगड आणि पुढे काही नाही. आत्याला मागेच बसवलं. तिनं तिथूनच, "फोटो नंतर, आधी पाय बघ!" असा लेकीच्या नावानं पुकारा चालू ठेवला. आजूबाजूच्या पाहुण्यांनाही मथितार्थ कळला असावा, कारण दोघं-तिघं मागे सरकले.

संध्याकाळी नदीवर बोटीतून फेरी. पाणघोडे दिसले, काठावर हत्ती दिसले, सूर्य लाल होऊन बुडाला. सुंदर, पण माहितीपत्रकात असतं तसंच. डोक्यावरून सारखी हेलिकॉप्टरं घरघरतात, ती त्या माहितीपत्रकात नसतात.

जेवायला सादझा मागवला. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उकड, हातानं गोळा मोडून कालवणात बुडवून खायची. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी सोबत पालेभाजी दिली, शेंगदाण्याच्या लगद्यात शिजवलेली. आत्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "कूट सढळ हातानं घातलंय हो!" तिनं दोनदा घेतली. तिथली बाई आनंदून कृती सांगायला टेबलापाशी आली, ती आत्यानं पासपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतली.

रविवार

दोन देशांमधली सीमा पायी ओलांडायची, हा आमच्यातल्या सगळ्यांसाठी पहिलाच प्रसंग. झिम्बाब्वेच्या चौकीवर शिक्का, मग रस्ता, मग पूल, मग झांबियाची चौकी. मधला सगळा पट्टा कागदोपत्री कुठलाच नाही असं वाटतं, पण पुलाच्या मध्यावर बरोबर सीमा आहे.

पूल १९०५ चा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून कैरोपर्यंत इंग्रजांच्या ताब्यातली रेल्वे न्यायची, हे सेसिल ऱ्होड्स या इंग्रज उद्योगपती-राजकारण्याचं स्वप्न. धबधब्याचे तुषार गाडीच्या डब्यांवर पडले पाहिजेत, म्हणून पूल मुद्दाम इथेच बांधायचा, हीही त्याचीच हौस. स्वतः ऱ्होड्स धबधबा कधी न बघताच १९०२ साली वारला. पोलादाचे भाग इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनला घडवले, बोटीनं आणि रेल्वेनं इथवर आणले, आणि दोन्ही कड्यांवरून एकाच वेळी जोडत जोडत मध्याकडे नेले. शेवटचा सांधा बसवायच्या संध्याकाळी दोन टोकं एकमेकांवर किंचित चढत होती, दिवसभराच्या उन्हानं पोलाद प्रसरण पावलेलं. इंजिनिअरांनी काम थांबवलं. रात्रीच्या गारव्यात पोलाद आकसलं आणि सकाळी टोकं जागच्या जागी बसली. उद्घाटन केलं जॉर्ज डार्विन यांनी, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या चिरंजीवांनी.

माझ्या आवडीची गोष्ट मात्र १९७५ ची. झिम्बाब्वे तेव्हा ऱ्होडेशिया होतं, गोऱ्या अल्पसंख्याकांचं राज्य, इयन स्मिथ पंतप्रधान. त्याची आणि काळ्या राष्ट्रवादी नेत्यांची बोलणी घडवून आणायची होती. पण कुणीही समोरच्याच्या भूमीवर जायला तयार नाही. तेव्हा दक्षिण आफ्रिकेहून रेल्वेचा डबा आणून या पुलावर बरोबर सीमारेषेवर उभा केला. टेबलाच्या एका बाजूचे लोक ऱ्होडेशियात बसलेले, दुसऱ्या बाजूचे झांबियात. मध्यस्थ म्हणून झांबियाचे केनेथ काउंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे फॉर्स्टर जातीनं हजर. बोलणी फिसकटलीच. गल्लीतल्या सोसायटीच्या सभाही यापेक्षा सोप्या जागी होतात आणि तरी फिसकटतात, असं नवऱ्याचं म्हणणं.

पुलाच्या मध्यावरून लोक पायाला दोर बांधून १११ मीटर खाली उड्या मारत होते. लेकीनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही नदीकडे पाहिलं. विषय तिथेच मिटला.

पुलाच्या टोकाशी बबून माकडांचं ठाणं आहे. आमच्या पुढे चाललेल्या पाहुण्याच्या हातातली थैली एका नरानं इतक्या सफाईनं घेतली की त्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळलं. आम्ही शहाणे होऊन पिशव्या छातीशी धरल्या, तर दुसऱ्यानं लेकीच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातली पातळ पोह्यांच्या चिवड्याची पुडी काढली. हे महाशय कठड्यावर बसले. पुडी दातानं फाडली. आधी सगळा चिवडा सिमेंटवर ओतला, मग एका बोटानं पोहे बाजूला सारत दाणे वेचले, एकेक करून, सावकाश. डाळं चाखून पाहिलं, ते पसंत पडलं. कढीपत्त्याचं पान उचललं, उन्हात धरून निरखलं आणि फेकून दिलं. आमच्या घरातलं एक माणूस चिवडा नेमका असाच खातं. नाव सांगत नाही.

झांबियाच्या बाजूचं उद्यान लहान आहे, आणि इथे धबधबा बघायचा नसतो, त्याच्यात शिरायचं असतं. नाइफ एज नावाचा एक अरुंद पादचारी पूल फवाऱ्याच्या ऐन मध्यातून जातो. मे महिन्यात त्यावर पाऊल टाकलं की सगळं पांढरं. समोरचा कडा शंभरेक मीटरवर आहे असं फलक सांगतो, आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. पायाखाली फळ्यांवरून पाणी वाहतंय, आवाज कानात न येता थेट छातीत येतोय. भर पावसात २६ जुलै अनुभवलेल्या मुंबईकराला पाण्याचं अप्रूप नसतं अशी माझी समजूत होती. इथे मी कारण नसताना मोठमोठ्यानं हसत होते, आणि ते कुणाला ऐकूही येत नव्हतं.

दुपार कलल्यावर परत फिरताना ऊन पडलं. पुलावरून धबधब्याकडे पाठ करून खाली, घळीच्या बाजूला पाहिलं, तर तिथे इंद्रधनुष्य नव्हतं, इंद्रचक्र होतं. जवळजवळ पूर्ण वर्तुळ, आणि त्याच्या केंद्रात आमच्या डोक्यांच्या सावल्या. जमीन आड येते म्हणून एरवी आपल्याला अर्धंच दिसतं, एवढाच त्याचा खुलासा.

मुक्काम लिव्हिंगस्टन गावात. लॉजवाल्याला विचारलं, तो समाजमाध्यमांवर फिरणारा कड्याच्या अगदी काठावरचा डोह, डेव्हिल्स पूल, उद्या बघता येईल का? तो हसला. आत्ता त्या डोहावरून पूर वाहतोय. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून, पाणी ओसरल्यावरच तिथे सोडतात.

सोमवार, बुद्धपौर्णिमा

लिव्हिंगस्टन गाव १९११ ते १९३५ उत्तर ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झांबियाची, राजधानी होतं, मग ती लुसाकाला गेली. रुंद रस्ता, दोन्हीकडे ओसरीवाल्या जुन्या इमारती, गुजराती पाट्यांची आठवण करून देणारी नावं असलेली दुकानं. एका दुकानात मेणबत्त्या घ्यायला गेलो तर मालकानं हिंदीत विचारलं, "बंबई से?" आणि पार्ल्यात राहणाऱ्या मावसभावाची चौकशी केली, जणू आम्ही रोज त्याच्याच दारावरून जातो.

मग संग्रहालय. १९३४ साली स्थापन झालेलं, देशातलं सर्वांत जुनं. लिव्हिंगस्टनच्या पत्रांसमोर आल्यावर आत्यानं आम्हाला बाकावर बसवलं. वर्ग भरला.

लिव्हिंगस्टननं नोव्हेंबर १८५५ मध्ये होडीतून येऊन कड्यावरच्या एका बेटावरून हा धबधबा पाहिला. बेटावरच्या झाडावर स्वतःची आद्याक्षरं कोरली आणि एवढा एक मोह आपल्याला आवरला नाही असं लिहून ठेवलं. खोली त्यानं पहिल्यांदा फारच कमी धरली होती, १८६० साली पुन्हा येऊन दोरीला वजन आणि पांढरं कापड बांधून मोजली, तेव्हा ३१० फूट दोर सोडल्यावर वजन टेकलं, तेही पाण्याच्या वरच एका उतारावर. इथवर सगळ्यांना माहीत असतं. आत्याचा हिशेब यानंतरचा.

१८६४ साली त्याच्याजवळ लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट होती, सरोवरासाठी बांधलेली. ती विकायची होती. पोर्तुगीज घेऊन गुलामांच्या व्यापारात वापरतील म्हणून आफ्रिकेत विकायची नव्हती. तेव्हा हा गृहस्थ तीच बोट स्वतः हाकत झांझिबारहून समुद्र ओलांडून मुंबईला आला. कोळसा जेमतेम, पावसाळा तोंडावर. सुमारे दीड महिन्यानं, जूनच्या मध्यावर मुंबई बंदरात शिरला. सोबत झांबेझीकडची काही माणसं होती. त्यांतल्या चुमा आणि वेकातानी या दोन पोरांना त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या हवाली केलं, म्हणजे गिरगाव चौपाटीसमोर ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच विल्सन. सुसी आणि अमोदा हे दोघे मुंबईच्या गोदीत कामाला राहिले. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन परत आला, बोट २,३०० पौंडांना विकली, पैसे इथल्या बँकेत ठेवले, आणि बँक बुडाली.

"मुंबईनं त्याला एवढं एकच शिकवलं," नवरा म्हणाला. आत्यानं त्याच्याकडे, मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघतात तसं, बघितलं.

शेवटच्या मोहिमेसाठी माणसं हवी होती. त्यांतली काही मिळाली नाशिकला. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज आरमार पकडत असे, आणि त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. तिथे ती शिकत, सुतारकी-लोहारकी करत. नाशिककर आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधतात, ते हेच शरणपूर. इंग्रजी पुस्तकांत या मुलांना 'नासिक बॉइज' म्हणतात. १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून निघालेल्या तुकडीत ही मुलं होती, मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई होते, चुमा आणि सुसी होते, आणि म्हशीसुद्धा होत्या. गुराढोरांना रोग लावणाऱ्या त्सेत्से माशीपुढे आपल्याकडच्या म्हशी टिकतात का, हे त्याला पाहायचं होतं.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातच चितांबोच्या गावी वारला. सोबतच्यांनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं. देह मिठानं आणि उन्हानं वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून खांद्यावर घेतला, आणि हजार मैलांच्या आसपासची वाट तुडवत महिनोन्‌महिने चालून समुद्रकाठी बागामोयोला आणला. अंत्यसंस्काराची प्रार्थना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला तो जेकब वेनराइट यानं. हा जेकब नाशिकला शिकलेला. तोच एकटा शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मी पस्तीस वर्षं त्या रस्त्यानं शाळेत गेले," आत्या म्हणाली, "आणि हे निवृत्त झाल्यावर वाचलं. पुतळ्याच्या बाजूला एक जेकब पण हवा होता. एवढाच हिशेब." मग उठली आणि मुखवट्यांच्या दालनाकडे गेली.

रात्रीचं ठरवून ठेवलेलं होतं. पुराच्या दिवसांत पौर्णिमेच्या आगेमागे झांबियाचं उद्यान रात्री उघडतात, चांद्रधनुष्य बघायला. आम्ही पूर्वेच्या काठावर जाऊन उभे राहिलो. चंद्र पाठीशी हवा, फवारा समोर, एवढंच गणित. मागे वळून बघितलं तर चंद्रावरचा ससा कलंडलेला. विषुववृत्ताच्या या बाजूनं तो आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या कोनात दिसतो.

समोर काहीच नव्हतं. कारण रांगेतल्या एका गटानं मोबाइलचे दिवे लावून ठेवले होते. आत्या शांतपणे पुढे झाली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "अहो, ती बत्ती बंद करा!" कुठल्या देशाचे होते कोण जाणे, पटापट सगळ्यांनी बंद केली. मिनिटभर डोळे सरावले, आणि मग ते दिसलं. काळ्या कड्यावर, पांढऱ्या पाण्यापुढे एक राखाडी कमान, एका टोकाला खाली घळीत उतरलेली. रंग म्हणाल तर नाहीत, म्हणजे असतात, पण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना ते कळत नाहीत. नवऱ्यानं कॅमेऱ्याला कॅरीबॅग गुंडाळून, तिवईवर ठेवून, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा असे पट्टे उमटले आणि त्यामागे चांदण्याही. लेकीला फोटो जास्त आवडला. मला ती रंग नसलेली कमानच आवडली. यावर लॉजवर जाईपर्यंत वाद झाला.

मंगळवार

सकाळी टॅक्सीनं पुलापर्यंत, पुन्हा शिक्के, पुन्हा पूल. कठड्यावर काल-परवाचे महाशय होतेच. या खेपेला चिवडा सुटकेसच्या तळाशी होता. वाटेत तांब्याची कडी आणि न्यामिन्यामीची लाकडी पदकं विकणारे मागे लागले. न्यामिन्यामी हा झांबेझीचा नागासारखा देव. खाली करिबाला धरण बांधून त्याला त्याच्या बायकोपासून तोडलं, अशी तोंगा लोकांची श्रद्धा. आत्यानं एक घेतलं, "बिचाऱ्याची ताटातूट झालीय" म्हणून भाव न करता.

कुणी विचारतं, बाजू कुठली बरी? पैसे किंवा वेळ यामुळे एकच करायची असेल तर झिम्बाब्वेची. धबधब्याचा बराचसा दर्शनी भाग तिथूनच दिसतो आणि वर्षभर पाणी असतं. भिजायची हौस असेल आणि एप्रिल ते जून जाणार असाल तर झांबिया चुकवू नका. पौर्णिमा साधता आली तर तारखा तिच्याभोवती बांधा. डॉलरच्या लहान नोटा न्या, सुटे परत मिळणं दुरापास्त. रात्री गावात पायी हिंडू नका, चोरांपेक्षा हत्तींची भीती जास्त. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आणि यलो फीव्हरची लस. इथिओपिया या रोगाच्या यादीत आहे, त्यामुळे अदिसमार्गे जाणार असाल तर घेतलेली बरी. मुंबईत सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात किंवा बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आत्याच्या डॉक्टरांनी तिची पूर्ण तपासणी करूनच होकार दिला. लस घेतल्यावर मिळणारं पिवळं कार्ड सामानात टाकू नका, हातातल्या पर्समध्ये पासपोर्टला चिकटून ठेवा. परत येताना सहारला इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात, आणि तोवर तुमच्या बॅगा पट्ट्यावर आलेल्या नसतात.